गोदाचा पहारा

निशाचा हात हलका होता. आमच्या गारखेड्याच्या गल्लीत कुणालाही विचारलं तरी हेच सांगतील. सुई कधी शिरली आणि कधी निघाली ते कळायचं नाही. छावणीतल्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करते, आज सोळा वर्षं झाली. गाव देवगाव रंगारी. बारावीनंतर लॅबचा कोर्स करायला म्हणून शहरात आली ती इथलीच झाली. भाऊ कृष्णा वाळूजला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, त्यानं तिकडंच घर बांधलं आणि आईला, आशाबाईंना, निशाकडं ठेवलं. "तुला कुठं संसार हाय," असं तो म्हणाला होता. हे तिनंच मला सांगितलं, मेथी निवडता निवडता, वर न बघता. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. स्थळं बघायची कृष्णा बोलायचा. पण आईला कोण बघणार हे ठरल्याशिवाय ते पुढं सरकणार नव्हतं, आणि ते कधी ठरलंच नाही.

आमच्यापासून दोन घरं सोडून तिची भाड्याची खोली. माझ्या सासूबाई केसरबाई, त्यांना साखरेमुळं इन्सुलिन लागलं, तेव्हा घरात कुणाचं धाडस होईना. निशा रोज सकाळी साडेसहाला यायची, चपला दाराबाहेर काढायची, देवघराकडं बघून एकदा हात जोडायची, सुई द्यायची आणि ड्युटीला पळायची. चहा उभ्यानंच. पलीकडच्या घरी सलाईन, वरच्या मजल्यावर कुणाचं ड्रेसिंग, सगळीकडं तीच. तिला 'नाही' म्हणताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते एकदाच पाहिलं, आणि तेच सांगायला बसले आहे.

माझा धाकटा दीर सुदर्शन घराच्या खालच्या हॉलमध्ये फिजिक्सचे क्लास घेतो. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडले तेव्हा त्यानं कुठून तरी एका खेळाचं पुस्तक मिळवलं. हा खेळ पत्त्यांसारखा नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर दरी आली तर उडी मारायची का वळसा घालायचा हे आपण तोंडानं सांगायचं, आणि जमलं का फसलं ते फासा ठरवतो. पुस्तक इंग्रजी. मला त्यातली ओळ कळायची नाही, पण सुदर्शननं सगळं मराठीत आणलं. दर रविवारी दुपारी क्लासचे दोन बाक जोडायचे आणि बसायचं. गोष्ट सांगणारा सुदर्शन. खेळणारे तिघं: त्याची बायको मोनिका, मोनिकाचा भाऊ ऋतुराज, आणि मी. चाळिशी उलटलेल्या बाईनं असलं खेळावं का, असं आधी वाटायचं. नंतर रविवार कधी येतो असं व्हायला लागलं.

प्रत्येकाच्या माणसाला एक खास विद्या. ऋतुराजचा रणधीर वीज पाडायचा. मोनिकाची मायावती रूप बदलायची. माझी वैदूबाई जखमा भरायची. पण विद्या मनाला येईल तेव्हा वापरायची नाही. सुदर्शन म्हणायचा, "बंधन नसलं तर हा ऋतुराज पहिल्या दारातच सगळ्यांना जाळून मोकळा होईल. बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?" म्हणून सासूबाईंच्या बरणीतले चिंचोके काढले आणि त्यांना मोनिकाच्या नेलपेंटचे ठिपके दिले. रणधीरला दोन, मायावतीला दोन, मला तीन. विद्या वापरली की चिंचोका पेढ्याच्या स्टीलच्या डब्यात. चिंचोके संपले की विद्या संपली. गोष्टीत रात्र झाली, आपला माणूस रात्रभर सलग झोपला, की सकाळी चिंचोके परत. झोप मोडली तर नाही. आणि पहाऱ्यावर जो बसेल त्याची झोप धरायची नाही. फासा टाकायचा तो सगळ्यांच्या देखत, ताटात, आणि एकदाच. हे सगळं सुदर्शननं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, पोरांना सूत्रं लिहून देतो तसं.

एका रविवारी सासूबाईंचा बीपी बघायला निशा आली आणि दारात उभी राहून बघायला लागली. ऋतुराज म्हणाला, "या ना मॅडम, आम्हाला एक ढाल पाहिजेच आहे." ती हसली आणि बसली.

तिच्या बाईचं नाव तिनं गोदा ठेवलं. सुदर्शननं गोदाला विद्या दिली ती अशी: आपल्यातल्या कुणावरही वार आला की ती मध्ये जाऊ शकते आणि तो वार स्वतः घेते. कितीही वेळा. चिंचोक्याची गरज नाही. पहिले दोन महिने निशा त्यावर लई खूश होती. "मला बंधनच नाय," असं आशाबाईंना सांगायची. आठवड्यात तिला कुणी बसायला खुर्ची देत असेल तर ती रविवारी, आमच्याकडं. कडक इस्त्रीचा ड्रेस घालून यायची. खेळ संपला की सगळ्यांचे कप धुऊन जायची.

हळूहळू सवय लागली. वार ऋतुराजवर आला की ऋतुराज म्हणायचा, "निशा." माझ्यावर आला की मीही म्हणायची, "निशा." पुढं पुढं नावही घ्यायला लागायचं नाही. सुदर्शन फासा टाकायचा, वार कुणावरही असो, हात लांबवून निशाच्या कागदावरचा जीवाचा आकडा खोडायचा. चाळीस, एकतीस, बावीस. ती पेन्सिल खाली ठेवून बसायची. माझ्याकडं जखम भरायचे तीन चिंचोके असायचे, पण ते मी रणधीरसाठी राखायची, कारण रणधीर पडला तर सगळेच पडणार, असं सुदर्शन म्हणायचा.

गोदा मेली. ऋतुराजनं फळ्यावर हार काढला आणि खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळे हसलो. निशानं कोरा कागद घेतला आणि वर पुन्हा 'गोदा' लिहिलं. सहा महिन्यांत दुसरीही गेली. मग तिसरी. ऋतुराजनं हार पुसायचंच सोडून दिलं, फक्त खाली आकडा बदलायचा.

चौथ्या वेळी कागदावर नाव लिहून झाल्यावर निशा म्हणाली, "सुदर्शनभाऊ, मला पण दोन चिंचोके पायजेत."

"कशाला? तुझ्या विद्येला बंधनच नाही. सगळ्यात भारी विद्या तुझी."

"म्हणूनच. बंधन घाला."

"अरे यार," ऋतुराज म्हणाला, "दुनिया बंधन काढा म्हणून रडते, हिला घालून पाहिजे."

निशा त्याच्याकडं वळली. "तुमची वीज दोनदाच हाय ना. म्हणून तुम्हाला सगळे विचारतात, आता पाडतो का ठेवतो. मला कुणी विचारलंय का कधी, जाती का नाय मध्ये? डायरेक्ट माझा जीव खोडता."

"बंधन असतं ते ताकदीला, निशा," सुदर्शन म्हणाला. क्लासमध्ये मठ्ठ पोराला समजावतो तो आवाज. "तू करतेस ते काम आहे. कामाला कसलं बंधन?"

मोनिका फिसकन हसली. मग सगळेच हसलो. मीही.

निशा हसली नाही. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "मग मी पुढल्या रविवारपासून येत नाय."

हे कुणाला अपेक्षित नव्हतं. ढाल नसेल तर पुढचा घाट चढता येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सुदर्शननं क्षणभर विचार केला, ऋतुराजकडं बघितलं, आणि त्याच्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं. ते हसू मी ओळखते. लहानपणी भावाला चुकीची वाट सांगून झाल्यावर तो असाच हसायचा, असं आमचे हे सांगतात. त्यानं दोन चिंचोके निशासमोर टाकले. "घे. दोनदा. झोपलीस की परत. सगळ्यांना आहे तोच नियम."

निशानं ते चिंचोके तळहातावर घेऊन पाहिले. त्या दिवशी कप धुताना ती काहीतरी गुणगुणत होती.

पुढच्या रविवारी कळलं. दोन वेळा ती मध्ये गेली, दोन्ही चिंचोके डब्यात पडले. गोष्टीत रात्र झाली. सकाळी सुदर्शननं रणधीरला दोन दिले, मायावतीला दोन, मला तीन.

"माझे?" निशा म्हणाली.

"गोदा पहाऱ्यावर होती ना."

होतीच. पहिल्यापासून गोदाच पहारा द्यायची. तिच्याकडं चिंचोके नव्हतेच, मग तिला झोपून काय मिळणार, असा साधा हिशोब होता तेव्हा. तो कुणी मुद्दाम ठरवला नव्हता. आता तिच्याकडं चिंचोके आले होते, पण पहारा तसाच राहिला.

"मग आज दुसरं कुणीतरी बसा," ती म्हणाली.

"मी? मग सकाळी शत्रू आल्यावर काय, शिट्टी वाजवू?" ऋतुराज म्हणाला.

"बाई, मला तर खेळातलंसुद्धा जागरण सोसत नाही," मोनिका म्हणाली. "डोकं उठतं."

माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू."

असे सहा रविवार गेले. निशासमोर बाकावर काहीच नसायचं. वार आला की ती म्हणायची, "संपलेत." ऋतुराजला मग स्वतःच्या अंगावर घ्यावा लागायचा आणि त्याचं तोंड कडू व्हायचं. "मागितलं ना तोंडानं बंधन? आता बसा हात चोळत." एकदा म्हणाला, "दाजी, हिच्या जागी एखादा कुत्रा पाळू. पहारा देईल, भाकरीत भागेल." निशा म्हणाली, "कुत्रं पण झोपतं, ऋतुराज." तेवढंच.

त्या भाद्रपदात एकादशी रविवारी आली होती. निशा सकाळी नेहमीसारखी साडेसहाला आली. सासूबाईंना सुई देऊन झाल्यावर तिनं कापूस टाकला आणि हळूच म्हणाली, "ताई, आज एक रात तुम्ही पहारा द्या. एकच. मला ते चिंचोके एकदा परत मिळालेले बघायचेत."

"वेडी आहेस का," मी म्हटलं. "खेळ आहे तो."

"खेळ हाय म्हणूनच मागते. घरी कुणाला मागू? आई राती चारदा उठवती."

मी देवघराशीच उभी होते. फुलं वाहून झाली होती, उदबत्ती हातात होती. मी म्हटलं, "बरं. आज मी बसते."

तिनं माझ्या हाताला हात लावला. मग चपला घातल्या आणि गेली.

दुपारी खेळ रंगला. आम्ही घाटाच्या पायथ्याला पोचलो होतो. वाटेतल्या झटापटीत माझे तिन्ही चिंचोके गेले, ऋतुराजचे दोन्ही गेले. उद्या सकाळी घाट चढायचा, वर किल्ला, चार वर्षं ज्याच्यासाठी खेळलो तो. सुदर्शननं फळ्यावर चंद्र काढला आणि म्हणाला, "रात्र. पहाऱ्याला कोण?"

निशानं माझ्याकडं बघितलं.

मी डब्याकडं बघितलं. माझे तीन चिंचोके त्यात होते. मी रात्रभर जागले तर सकाळी वैदूबाई रिकाम्या हातानं घाट चढणार, आणि पडलं कुणी तर सगळे म्हणणार, तुझ्यामुळं. ऋतुराज माझ्याकडंच बघत होता. सकाळी काय बोलले ते मला चांगलं आठवत होतं. उपासानं तोंड कोरडं पडलं होतं, तेही आठवतं.

मी म्हटलं, "नेहमीसारखंच."

 खाली बघून निशानं कागदावरची घडी बोटानं सरळ केली.

"गोदा पहाऱ्यावर," सुदर्शन म्हणाला. "बाकी तिघं तंबूत, गाढ झोपेत. रात्रीचा पहिलाच प्रहर. गोदा, तुला घाटाच्या वाटेवर हालचाल दिसते. बारा जण, हातात कोयते, पायात काही नाही, आवाज न करता वर येताहेत. काय करतेस?"

ही सगळ्यात सोपी जागा होती. हाक मारायची. दर वेळी तीच मारायची.

निशा म्हणाली, "काय नाय. मी झोपते."

"काय?"

"गोदा झोपते. कांबळं डोक्यावरनं ओढून. खडकाच्या आड."

ऋतुराज हसला. "जोक मारते ही."

"निशा, नीट ऐक," सुदर्शन म्हणाला. "बारा जण आहेत. तू हाक मारलीस तर हे उठतील. हाक मारतेस का?"

"नाय."

"तिघंही झोपेत मरतील."

"झोपेत तरी हायेत." तिचा आवाज चढला नव्हता. "सकाळ कधी व्हते, भाऊ?"

मोनिका खुर्चीतून अर्धी उठली. "असं कसं झोपते? पहारेकरी आहे ना ती? लग्न झालं असतं, चार माणसं सांभाळली असती, तर कळलं असतं हिला."

 मोनिकाला कुणी गप्प बस म्हटलं नाही. मीही नाही. आशाबाईंना उचलून न्हाणीत नेणारी, माझ्याच सासूला दोन वर्षं रोज सुई देणारी बाई समोर बसली होती, आणि मला काळजी पडली होती वैदूबाईची.

सुदर्शननं नियमाप्रमाणे फासा टाकला. झोपलेल्यावर वार चुकत नाही. रणधीर गेला. मायावती गेली. माझी वैदूबाई गेली. चार वर्षांचे तीन कागद त्यानं एकावर एक ठेवले. ऋतुराजचे डोळे लाल झाले होते, बत्तीस वर्षांचा माणूस.

"आता गोदा," सुदर्शन म्हणाला. "अंधारात, खडकाआड, कांबळ्याखाली. चार किंवा वर पडलं तर ते तिला शोधतात." त्यानं ताटात फासा टाकला. दोन पडले.

गोदा वाचली होती. पहारा सोडून सकाळपर्यंत सलग झोपली होती. निशानं हात पुढं केला, तळवा वर. चिंचोक्यांसाठी.

सुदर्शननं त्या हाताकडं बघितलं आणि फासा उचलून पुन्हा टाकला. एक पडला. पुन्हा टाकला. तीन. फळ्याच्या कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, फासा एकदाच. मी ते वाचलं. मोनिकानं वाचलं. त्यानं चौथ्यांदा टाकला आणि पाच पडले.

"सापडली," तो म्हणाला. "झोप मोडली. चिंचोके नाहीत." आणि तिचा कागद ओढून उभा फाडला.

निशा उठली. ओढणी नीट केली. "पहिल्या फाशाला मी जित्ती होते," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय." मग माझ्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात, "येते, ताई."

कप तसेच राहिले.

सोमवारी साडेसहाला ती आली नाही. मी सात वाजेपर्यंत दाराशी वाट बघितली, मग स्वतःच सुई घेतली. आठ दिवस सासूबाईंच्या मांडीवर निळे डाग होते. "त्या पोरीचा हात हलका होता," त्या रोज म्हणायच्या. "तिला बोलाव. काय केलंत तुम्ही तिला?" मी म्हणायची, तिची ड्युटी बदललीये. देवासमोर उभी राहून म्हणायची, कारण सुई तिथंच ठेवलेली असायची.

महिनाभरानं खेळ पुन्हा सुरू झाला. नवे कागद, नवी माणसं, चिंचोके तेच.

वर्षभरानं मला थायरॉइडची तपासणी सांगितली, तेव्हा मी छावणीत गेले. दुसऱ्या लॅबमध्ये जाता आलं असतं. काउंटरवर नाव सांगितलं, आत गेले, तर खुर्चीशी निशाच उभी. तिनं नाव वाचलं, नळीवर लिहिलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला.

"मूठ आवळा."

"आशाबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"हायेत."

सुई शिरली. कळलंही नाही.

"निशा, ये ना गं रविवारी. सगळे आठवण काढतात." हे खोटं होतं. नाव निघालं की ऋतुराज अजून शिवी देतो.

तिनं नळी भरू दिली, पट्टा सोडला, सुई काढून कापूस ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"पहाऱ्याला कोण असतं आता?"

ऋतुराजचं वैशाखात लग्न झालं होतं. त्याची बायको श्रेया, तेवीस वर्षांची, अजून सगळ्यांना अहो-जाहो करते. तिला सुदर्शननं ढाल दिलीये. कितीही वेळा, बंधन नाही. तीही पहिले दोन महिने खूश होती.

"श्रेया," मी म्हटलं. "ऋतुराजची बायको."

निशानं माझा हात कोपरात दुमडला.

"दाबून धरा," ती म्हणाली. "पाच मिनिटं." आणि दाराकडं बघून पुढचं नाव पुकारलं.